मिलिटरीचा डिस्पोजलचा ट्रक मालवाहतुकीला लावलाय का कुणी? (स्टॅलियन / शक्तिमान)

चिरेबंदी

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज कामाचं विचारायला पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा धंदा लाकडाचा. कणकवलीच्या आतल्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याला, मालकीतलं अकेशिया, थोडा साग, किंजळ असं तोडून खाली डांबरी रस्त्याला आणायचं आणि तिथून वखारीला. तोडीची परवानगी, वाहतूक पास सगळं रीतसर असतं, तो प्रश्न नाही. प्रश्न मधल्या साडेसहा किलोमीटरचा आहे. लाल मातीचा रस्ता, दोन व्हाळ (ओढे), आणि दुसऱ्या व्हाळानंतर एक असा चढ की रिकामी गाडीसुद्धा आधी विचार करते. सध्या ट्रॅक्टर-ट्रॉली लावतोय. गेल्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी घाई केली, तर उतारावर भरलेल्या ट्रॉलीनेच ट्रॅक्टरला ढकलत नेला. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून वाचला, ट्रॅक्टर ऐनाच्या झाडाला अडला. तेव्हापासून डोक्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, बसलंय.

परवा एका पावण्याने फोटो पाठवला, आर्मीचा डिस्पोजलचा (लिलावात काढलेला) लेलँड स्टॅलियन, पावणेचार लाख सांगतायत. रंग तोच, हौदा लोखंडी, पुढे विंच आहे (चालते का माहीत नाही). एवढ्या पैशात नवीन गाडीचं डाऊन पेमेंटपण होत नाही. तर प्रश्न असे की कमर्शियल पासिंग होतं का, डिझेल किती पितो, स्पेअर मिळतात का, आणि कुणी खरंच धंद्याला लावलाय का? ऑफरोडिंगची हौस मला नाही, लाकूड खाली आणायचंय.

निवृत्त_हवालदार

ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, २२ वर्षं काढली, त्यातली अर्धी या गाड्यांच्या खाली झोपून, म्हणून लिहितो.

आधी ओळख करून देतो, लोक सगळ्यालाच 'मिलिटरीचा ट्रक' म्हणतात. शक्तिमान म्हणजे जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेली ३ टनी गाडी, १९५९ पासून. नव्वदीत तिच्या जागी दोन आल्या, टाटाची ७१३ म्हणजे अडीच टनी आणि लेलँडची स्टॅलियन. दोन्ही जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत जोडल्या जायच्या. स्टॅलियनला कागदावर ५/७.५ टन लिहितात, म्हणजे रस्ता सोडून ५ आणि पक्क्या रस्त्यावर साडेसात. तुमच्या साडेसहा किलोमीटरात ५ च धरा. जुनी निसान वन-टन कुणी गळ्यात मारत असेल तर पळून जा, जोंगाचंच (आर्मीच्या जुन्या जीपचं) पेट्रोल इंजिन आहे ते, सुमारे चार लिटरचं, तहान भागत नाही त्याची.

आता मुख्य मुद्दा. आर्मी गाडी चांगली असताना विकत नाही. क्लास फाइव्ह झाली की मगच निघते, म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडत नाही असं आम्हीच लिहून दिलेलं असतं. शिवाय ती कंडेम होऊन उभी असते तेव्हा शेजारच्या चालू गाडीला काही लागलं तर तिचंच काढतात, अधिकृतपणे काढतात, कॅनिबलाइज म्हणतात त्याला. बॅटरी, सेल्फ, डायनॅमो, बरे टायर हे तुम्हाला मिळणार नाहीत असंच समजून चाला.

आणि 'फक्त २८,००० किलोमीटर चाललीय' या वाक्याला भुलू नका. खरंच तेवढीच चाललेली असेल. पण एमटी पार्कात (युनिटच्या गाड्यांच्या तळावर) वर्षानुवर्षं उभी, रोज सकाळी दहा मिनिटं स्टार्ट, थंड इंजिन, बंद. सील वाळलेले, ब्रेकचे होज कडक, डिझेल टाकीत गाळ, टायरच्या बाजूला भेगा. न चाललेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त खर्च काढते.

कोल्हापुरी_डब्बल

हवालदार साहेब नाद खुळा प्रतिसाद.

चिरेबंदीभाऊ, माझ्या तीन गाड्या आहेत, मळी आणि बगॅसच्या. भावनेत न जाता फक्त पैशाचं बोलतो. ट्रक किती ओढतो ते सोडा, कायद्याने किती भरता येतं ते बघा. २०१८ ला अ‍ॅक्सल लोड वाढवले तेव्हा दोन टायरच्या अ‍ॅक्सलला ७ टन आणि चार टायरच्या अ‍ॅक्सलला साडेअकरा झाले, म्हणून आपला साधा सहा टायरी ट्रक १६.२ वरून १८.५ टनावर गेला. आता तुमच्या फोटोतला ट्रक बघा, मागे किती टायर आहेत? प्रत्येक बाजूला एकच ना? मग संपलं. मागच्या अ‍ॅक्सलला ७ च, वरून कंपनीने दिलेलं वजन त्याहून कमी असेल तर तेच धरणार.

म्हणजे बघा, लोखंडी हौदा, विंच, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स), पुढचा जड अ‍ॅक्सल हे सगळं रिकामंच घेऊन फिरायचं आणि वर माल पाच टन. साधा सहा टायरी त्याच ड्रायव्हरच्या पगारात दुपटीने माल नेतो. 'मिलिटरीचा आहे, काही होत नाही' म्हणून दहा टन भरले तर गाडीला काही होणार नाही, तुम्हाला होईल. ओव्हरलोडला २०,००० आणि वर प्रत्येक टनामागे २,००० असं आहे कलम १९४ ला, शिवाय जादा माल तिथंच उतरवून ठेवायचा. लाकूड रस्त्याच्या कडेला उतरवून बघा एकदा, रात्रीत निम्मं चुलीत जातंय.

नुसताच_वाचक

मागे एकच टायर का असतो पण? एवढा मोठा ट्रक आणि तिथे कंजुषी?

निवृत्त_हवालदार

कंजुषी नाही हो. चिखलात पुढचं चाक जो चर पाडतं त्याच चरातून मागचं चाक गेलं पाहिजे, म्हणजे मागच्याला नवीन चिखल कापावा लागत नाही. जोड टायर असले की बाहेरचा टायर नवीन चर पाडत जातो, शिवाय दोन टायरच्या मधे दगड अडकतो तो वेगळाच. पण हाच टायर डांबरीवर जास्त झिजतो, आणि आवाज असा की शेजाऱ्याशी बोलायला ओरडावं लागतं.

पासिंगवाला

आरटीओची कामं करतो, नाव-गाव विचारू नका :)

कागदाचं सांगतो कारण या धाग्यात सगळे इंजिनात अडकलेत. आर्मीच्या गाडीला आपल्यासारखं आरसी नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली त्यांचीच नोंदणी असते, ती बाणाची नंबर प्लेट तीच. त्याच कलमात लिहिलंय की गाडी संरक्षण कामाची, धंद्याशी संबंध नसलेली पाहिजे, आणि केंद्र सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की तिला सर्वसाधारण नोंदणी लागू. म्हणजे तुम्ही ट्रान्सफर नाही करत, नवीन नोंदणी करताय. त्यासाठी फॉर्म २१ लागतो, म्हणजे सेल सर्टिफिकेट, जे नव्या गाडीला शोरूमवाला देतो. लिलावातल्या मिलिटरी गाडीला ते संरक्षण खात्याचा अधिकारी देतो, फॉर्मच्या मथळ्यातच तसं छापलंय. लिलावात पहिल्यांदा ज्याने घेतली त्याच्या नावाचं ते असतं. पुढे तो भंगारवाल्याला विकतो, भंगारवाला तुमच्या पावण्याला, आणि पावण्याकडे असते एक झेरॉक्स. त्या झेरॉक्सवर मी चार जणांना रडताना बघितलंय.

दुसरं, २०२३ च्या जानेवारीत केंद्राची अधिसूचना आली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. सरकारी मालकीची गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी संपली, ती नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरलाच द्यायची. सैन्याच्या ऑपरेशनल कामाच्या खास गाड्यांना सूट आहे. पण म्हणूनच लिलावाच्या लॉटची अट शब्दन् शब्द वाचा. स्क्रॅप म्हणून विकली असेल तर ती रस्त्यावर येण्यासाठी विकलेलीच नाही, मग तुम्ही कितीही चकाचक करा.

तिसरं, प्रदूषण. जुन्या निकषाचं इंजिन आणि आज नवीन नोंदणी, इथे बहुतेक फायली बसतात. एका ऑफिसला तोंडी हो म्हणतात, साहेब बदलला की नाही म्हणतात. लेखी घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि हो, नॅशनल परमिट विसरा, साध्या ट्रकला १२ वर्षांच्या आतलीच गाडी लागते. फिटनेस ८ वर्षांपुढे दरवर्षी. पर्यावरण कर वेगळा. रंग तर पहिल्या दिवशी बदला, ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याशिवाय कुणाला चालत नाही, नियम १२१. मागच्या वर्षी एकाने हौसेने ठेवला होता तसाच, नाक्यावर आधी सॅल्यूट मिळाला आणि मग चलन.

चिरेबंदी

बापरे. पावण्याला फोन केला आत्ता. म्हणतो 'कागद आहेत रे, काळजी कशाला करतोस'. कुठले आहेत विचारलं तर म्हणे 'आहेत'.

आजोबांची_फोर्ड

विषयाला थोडं सोडून, पण राहवत नाही. हा धंदा काही नवीन नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर इथे सैन्याचे ढिगाने ट्रक उरले होते, त्यात कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेवरलेट होते, चपट्या नाकाचे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे. ते लिलावात निघाले आणि कोडगू, केरळपासून आपल्या घाटापर्यंत ओंडके ओढायला लागले. माझे आजोबा दांडेलीकडे अशाच एकावर किन्नर (क्लीनर) होते. मी लहानपणी बघितलाय तो तेव्हा त्याच्यात मूळचं फक्त चेसिस आणि अ‍ॅक्सल उरले होते, इंजिन पर्किन्सचं, हौदा फणसाच्या लाकडाचा, दरवाजा म्हणजे एक साखळी. आजोबा सांगायचे उतारावर ब्रेकवर भरवसा कुणीच ठेवायचं नाही, किन्नरच्या हातात लाकडी उटी असायची आणि गाडीबरोबर पळत जाऊन चाकामागे टाकायची. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं त्यातच गेली.

म्हणजे चालतात या गाड्या, पन्नास-पन्नास वर्षं चालतात. पण त्या चालायच्या जंगल ते डेपो.

ईशान्येचा_फौजी

वरच्याला दुजोरा. मणिपूरला पोस्टिंग होतं तेव्हा बघितलं, तिकडे शक्तिमान सिव्हिलवाल्यांकडे सर्रास आहे, नदीतली वाळू, बोल्डर, सरपण. केबिन पत्र्याची ठोकून बनवलेली, बॉनेट गायब. आम्ही ज्या गाडीला सलाम करून निरोप दिला ती नदीच्या पात्रात छातीभर पाण्यात उभी राहून वाळू भरून घेतेय, ते बघून आमच्या ड्रायव्हरला भरून आलं होतं. पण त्या गाड्या नदी ते गाव एवढंच करतात, हायवेला येत नाहीत.

ऑस्टिनचा_बाळू

इकडे टेक्सासात हे वेड जास्तच आहे म्हणून दोन पैसे माझे. इथे 'ड्यूस अँड हाफ' म्हणतात तो एम-३५, अडीच टनी, तीन अ‍ॅक्सलचा, सरकारी लिलावात मिळतो. माझ्या शेजाऱ्याने गवताचे गठ्ठे ओढायला घेतला. इथेही तीच रड, सरकारकडून एसएफ-९७ नावाचा कागद मिळतो, त्यावर पुढे टायटल करायचं, आणि तो कागद हरवलेला ट्रक म्हणजे अंगणातलं शिल्प. त्याचा ब्रेक हवेच्या मदतीने चालणारा हायड्रॉलिक, आणि सर्किट एकच. एक नळी फुटली की सगळा ब्रेक गेला. शेजारी आता तो फक्त स्वतःच्या शेतात चालवतो, गठ्ठे गावात न्यायला भाड्याने साधा ट्रक बोलावतो.

तुमच्या स्टॅलियनचे ब्रेक कसे आहेत ते बघा आधी, ओढणं नंतर.

निवृत्त_हवालदार

बाळूभाऊंनी ब्रेकचं बरं काढलं. चिरेबंदी, तुम्ही बघायला जाणारच आहात हे दिसतंय, तर काय बघायचं ते सांगतो.

पहाटे जा, मालकाने गरम करायच्या आधी. ब्रेकची हवेची टाकी पूर्ण रिकामी करायला लावा, मग स्टार्ट करून प्रेशर किती वेळात चढतं ते बघा, नंतर इंजिन बंद करून पेडल दाबून धरा आणि काटा बघत बसा. काटा सरकताना दिसला तर गळती आहे. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला हात घाला, तिथे गोल गोळा असतो, त्यातून ग्रीस आणि ऑइल मिसळून काळं पाणी येत असेल तर सील आणि जॉइंट दोन्ही गेलेत, आणि हे तुमच्या नेहमीच्या लेलँडच्या मेस्त्रीकडे मिळणार नाही. इंजिन, क्लचप्लेट, पंप यांचं कुठेही भागतं. पुढचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस यांच्यासाठी मात्र बंगालात पानागढ किंवा दिल्लीत मायापुरी इथपर्यंत फोन फिरवावे लागतात आणि तिथूनही जुनाच माल येतो.

ट्रान्सफर केसचा लिव्हर लो मधे (हळू पण जास्त ताकदीच्या गिअरला) पडतो का आणि पडला तर निघतो का, दोन्ही बघा. शक्तिमानवर नवीन पोरं फोर बाय फोर टाकून डांबरीवर वळण घ्यायची. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखं अंतर जात नाहीत, मातीत चाक थोडं घसरून हिशोब मिटवतं, डांबरीवर घसरत नाही म्हणून सगळा पीळ आत साठतो आणि लिव्हर दगडासारखा अडकतो. मग चार फूट रिव्हर्स घेतलं की 'खट्' करून सुटतो. असं दहा वेळा केलेली गाडी कानाला कळते.

आणि चेसिस नंबर स्वतः घासून बघा. प्लेटवरचा नव्हे, चेसिसवर ठोकलेला. तो आणि कागदावरचा एक एक आकडा जुळवा.

कोल्हापुरी_डब्बल

एक साधी गोष्ट कुणी बोलत नाही. साडेसहा किलोमीटरातलं वाईट किती? चढ आणि दोन व्हाळच ना? मग पावणेचार लाख ट्रकला, वर दीड-दोन लाख दुरुस्तीला, त्यापेक्षा त्या तीन जागी दगडाचं सोलिंग आणि मुरूम टाका, व्हाळाला सिमेंटच्या नळ्या टाका. रस्ता कायमचा होतोय आणि कुणाचाही ट्रक आत येतोय. फक्त मुरमाची रॉयल्टी भरा, नाहीतर वेगळाच धागा काढायला लागेल.

चिरेबंदी

@कोल्हापुरी_डब्बल, जागा आमची असती तर केव्हाच केलं असतं. दरवर्षी तोड वेगळ्या मालकाकडे. यंदा हा चढ, पुढच्या वर्षी पलीकडच्या डोंगरात. आणि व्हाळाच्या वाटेवर तीन भावकीत केस चालू आहे, नळी टाकायला गेलो तर तिघं एकत्र येतील, फक्त माझ्याविरुद्ध.

टाट्राप्रेमी

आर्मीचा तो मोठा टाट्रा ट्रक का नाही घेत? आठ चाकं, आठही ओढतात.

निवृत्त_हवालदार

घ्या की. एअर-कूल्ड व्ही-१२ इंजिन, चेसिसच्या जागी मधे एक जाडजूड नळी, प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं, स्टिअरिंग डावीकडे. व्हाळ काय, ती गडनदी पार करेल. फक्त तिला वळायला व्हाळापलीकडचं अख्खं काजूचं कलम तोडावं लागेल.

चिरेबंदी

काल जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

पहाटे साडेपाचला पोचलो तर गाडी आधीच गरम. मालक म्हणे बॅटरी डाऊन होती म्हणून रात्री धक्का मारून चालू केली. तरी हवेचं बघितलं, प्रेशर चढायला पाच मिनिटं वरती लागली आणि पेडल दाबल्यावर काटा डोळ्यादेखत खाली. पुढच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला, हात काळा, ते काळं शर्टाला लागलं ते अजून जात नाहीये. इंजिनाचा आवाज मात्र एकदम गोड, तेवढं खोटं बोलणार नाही. रिकामी गाडी शेजारच्या काट्यावर घातली, साडेसहा टनाच्या वर भरली. त्यांच्या शेताच्या बांधावर चढवून दाखवली, लो मधे टाकली आणि चिखलातून अशी चालली की जणू काही विचारतच नाही. तिथे माझं मन गेलं होतं, कबूल करतो. पाकिटात टोकन घेऊन गेलो होतो.

मग कागद. सेल सर्टिफिकेटची झेरॉक्स, नाव तिसऱ्याच माणसाचं, बाहेरच्या राज्यातलं. चेसिसवर वायर ब्रशने घासलं, रंगाचे दोन थर निघाले, आकडे दिसले. शेवटून तिसरा आकडा कागदावर ३, चेसिसवर ८. मालक म्हणतो टायपिंग मिस्टेक. मी म्हणलं असेल, पण मग दुरुस्त करून आणा. तो म्हणतो ज्याच्या नावावर आहे तो आता फोन उचलत नाही.

टोकन न देता परत आलो.

येताना त्याच मालकाशी चहावर बोलताना दुसरंच निघालं. त्याच्याकडे एक जुनी शक्तिमान आहे, पण ती २००० च्या आसपास लिलावातून घेऊन तेव्हाच पासिंग केलेली, आरसी त्याच्या नावावर, फिटनेस चालू, विमा चालू. विकत नाही म्हणाला, बायकोचे दागिने विकेन पण ही नाही. भाड्याने देतो, ड्रायव्हरसकट. म्हणजे ती फक्त तोडीपासून डांबरीपर्यंत फेऱ्या मारेल आणि डांबरीवर माझा नेहमीचा सहा टायरी उभा राहील. एका सहा टायरीला शक्तिमानच्या तीन फेऱ्या धरल्यात. मधे लाकूड एकदा उतरवून परत भरायचं, हमाली वाढते, तिचाच हिशोब चाललाय. त्याने फेरीला २,२०० सांगितलेत, डिझेल त्याचं. जाऊन-येऊन १३ किलोमीटर, लो गिअरमधे लिटरला दोन किलोमीटर जरी धरलं तरी डिझेल सहाशेच्या घरात.

कोल्हापुरी_डब्बल

२,२०० लै होतंय. १,६०० च्या वर देऊ नका. दिवसाचा बोला, फेरीचा नको, फेरीचा बोललात तर ड्रायव्हर उतारावर पळवणार.

पासिंगवाला

भाड्याने घेताय तर आरसीवर वजन किती लिहिलंय ते फोटो काढून ठेवा, आणि विमा मालवाहतुकीचाच आहे ना ते बघा. २००० च्या पासिंगला खासगी वापरावर नोंदवलेल्या पण आहेत काही. आणि वाहतूक पासावर गाडी नंबर घालतात, तुमच्या दोन गाड्या होणार, पास कसा घ्यायचा ते वनखात्यात आधीच विचारा.

चिरेबंदी

@पासिंगवाला पासाचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. सोमवारी रेंज ऑफिसला जातो.

@कोल्हापुरी_डब्बल दिवसाचं विचारलं, ७,००० म्हणतोय. घासाघीस चालू आहे, मधे एकदा त्याने मला शक्तिमानचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो पाठवला, बहुतेक भाव वाढवायला.